धडधाकट बाईचा फोटो

बालीगंज, कलकत्ता
३ फेब्रुवारी १९७४

प्रिय वृंदा,

तुझं पत्र काल आलं. मुलींची शाळा, दारापुढचा गुडघाभर बर्फ, श्रीकांतरावांची बढती, सगळं वाचून आनंद झाला. पण खरं सांगू? मी अडकले ती शेवटच्या चार ओळींत. ‘इथल्या इस्पितळात धडधाकट बायकांना बोलावून छातीचे एक्स-रे काढताहेत, मलाही आमंत्रण आलंय,’ एवढं लिहून तू सरळ ‘दादाला नमस्कार’वर गेलीस. अगं, असं कुणी करतं का?

एकवीस वर्षं मी बायकांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते आहे. कुणी खोकत येतं, कुणी लंगडत. ‘मला काही होत नाही, माझा फोटो काढा,’ असं म्हणत आजवर एकही बाई आलेली नाही. आणि काढायचा तरी कसा? हाड किरणांना अडवतं म्हणून त्याची सावली पडते. आणि फुप्फुसांचा नव्हे, स्तनांचा फोटो म्हणजे सगळं मऊ मांस आणि चरबी. आमच्या मशीनवर त्याचं नुसतं धुकं येतं.

तू जाणारच असशील तर माझ्यासाठी विचारून ये. फिल्म कुठली वापरतात? विजेचा दाब किती ठेवतात? बाईला उभं करतात, बसवतात की झोपवतात? आणि गाठ हाताला लागायच्या आधी दिसते हे खरं का?

आईंची आठवण तुलाही आली असेल. त्यांनी गाठ पदराआड किती महिने लपवली, ते त्यांनाच ठाऊक. एकोणसाठ साली त्यांची कंबर दुखते म्हणून फोटो काढला, तो मीच. फिल्म धुऊन उजेडात धरली आणि कळलं की ते हाडांत उतरलंय. बाहेर बाकावर तू आणि हे बसला होतात. तेवढं दार उघडून बाहेर यायला मला किती वेळ लागला, ते अजून आठवतं.

म्हणून विचारते. नीट लिही.

तुझी,
शकुनवहिनी


क्लीव्हलंड
२६ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. वहिनींना सादर नमस्कार.

तुमचे प्रश्न कागदावर उतरवून घेऊन गेले होते. फोटो काढणारी बाई डोरोथी म्हणून आहे, धिप्पाड आणि हसरी. तिला सांगितलं, माझी वहिनी कलकत्त्याला हेच काम करते. तिनं लगेच मला आतलं सगळं दाखवलं.

बाईला स्टुलावर बसवतात. छाती एका सपाट पाटावर ठेवतात, वरून पारदर्शक प्लॅस्टिकची फळी येते आणि दाबून चपटी करते. एक फोटो वरून, एक बाजूनं. विजेचा दाब तुमच्या नेहमीच्या मशीनच्या निम्म्याहून कमी. नवं मशीन मुद्दाम ह्याच कामाचं आहे. पण डोरोथी म्हणाली की दहा-बारा वर्षांपूर्वी ती साध्या मशीनवरच काढायची. दाब शक्य तेवढा खाली, वेळ जास्त, आणि फिल्म दवाखान्यातली नाही, कारखान्यात लोखंडाचे जोड तपासायला वापरतात ती. तिचा कण बारीक असतो म्हणे. हे ऐकून मला दादाच आठवला!

आणि हो, हाताला लागायच्या आधी दिसतं. कधी लहानशी गाठ, कधी नुसते मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. सगळे ठिपके वाईट नसतात. बारीक, वेडेवाकडे आणि एकाच जागी घोळका करून असले तर काळजीचे.

माझाही फोटो झाला. सगळं ठीक आहे.

तुमची,
वृंदा


बालीगंज
३० जून १९७४

प्रिय वृंदा,

तुझा फोटो चांगला आला हे वाचून जीव भांड्यात पडला. आईंची मुलगी तू, धोका असला तर तुलाच जास्त, असं मनात होतं.

आता इकडची गंमत ऐक. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ‘कारखान्याची फिल्म’ आल्याबरोबर हे ताठ बसले. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांच्या वेल्डिंगचे जोड एक्स-रेनं तपासण्यात ह्यांचा जन्म गेला. त्यांच्या फिल्मचा माणसाला उपयोग होतो हे ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांना विचारून, मुदत संपत आलेला एक डबा घेऊन आले. म्हणाले, “तुझ्या बायकांना आमच्या बॉयलरची फिल्म. बघू काय निघतं.”

माझी मदतनीस नमिता आणि मी रोज दुपारी ओ.पी.डी. संपली की प्रयोगाला बसतो. आमचं मशीन म्हातारं. दाब खाली आणला तर कुरकुरतं. नळीच्या तोंडावरची, किरण गाळणारी अॅल्युमिनियमची चकती काढली तेव्हा कुठे फोटोत जान आली. ऐन वेळी लोडशेडिंग होतं ते वेगळंच. नमिता म्हणते, “दीदी, मेशिन आर कोम्पानी दुजोनेई आमादेर शोत्रु.” म्हणजे मशीन आणि वीज कंपनी, दोघंही आपले शत्रू.

छाती दाबायला पहिल्यांदा लाकडाची पातळ फळी घेतली. फिल्म धुतली तर फळीतल्या शिरा इतक्या सुरेख उमटल्या होत्या की सुतारानं फ्रेम करून लावाव्यात. मग दुकानातून जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कापून आणला.

आणि परवा जमलं! एक बाई तयार झाली, सेहेचाळीस वर्षांची, काहीही तक्रार नसलेली. गार पाट लागला तशी ती शहारली. सहा मिनिटं फिल्म औषधात ठेवली. वृंदा, काय सांगू! मी आजवर हाडंच पाहिली. इथे दुधाच्या नळ्या पिंपळपानाच्या जाळीसारख्या पसरलेल्या, मधून शिरा वळत गेलेल्या. आपल्या अंगात हे असतं, आणि आपण ते पाहिलेलंच नसतं. नमिता आणि मी ती फिल्म खिडकीशी धरून किती वेळ उभ्या होतो.

एक विचारायचं आहे. डाव्या बाजूच्या फोटोत, वरच्या बाहेरच्या अंगाला, सात-आठ पांढरे ठिपके आहेत. आधी धूळ वाटली. पुन्हा फोटो काढला, तेव्हाही तिथेच. डोरोथीला विचारशील का?

शकुनवहिनी


बालीगंज
९ ऑगस्ट १९७४

प्रिय वृंदा,

तुझं उत्तर यायच्या आतच लिहिते आहे. सोबत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ती फिल्म घालून पाठवते. तिथे कुणी डॉक्टर पाहतील तर बघ.

मी ती सर्जन डॉ. सान्यालांना दाखवली. भला माणूस आहे, पण म्हणाले, “मिसेस दिघे, बाईला तपासलं, हाताला काही लागत नाही. मी कापू काय, हवा?” ते चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही. असली फिल्म त्यांनी कधी पाहिली नव्हती, मीही नाही.

मग घरी ह्यांना दाखवली. ह्यांनी भिंग काढलं, दिव्यापाशी गेले आणि गोदीतला जोड बघावा तशी बघत बसले.

“हे कुणाचं?”

“आहे एक बाई.”

“लोखंडात असे ठिपके विखुरलेले असले तर मी सोडून देतो. पण हे एका जागी गोळा झालेत, आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. हा जोड मी पास केला नसता, शकुन. त्या बाईला सांगा कुणीतरी.”

मी चहा टाकायला आत गेले.

लवकर लिही.

शकुनवहिनी


क्लीव्हलंड
२ सप्टेंबर १९७४

ती. सौ. वहिनी,

फिल्म इथल्या डॉक्टरीणबाईंनी पाहिली. खरं तर त्यांना बाहेरचं काही बघायची परवानगी नाही, पण डोरोथीनं गळ घातली. त्यांनी दोनदा पाहिली आणि विचारलं, “हे कुठल्या मशीनवर काढलंय?” मी सांगितल्यावर हसल्या नाहीत. म्हणाल्या, काढणाऱ्या हाताला माझा नमस्कार कळवा. आणि त्या बाईला सांगा, हा भाग काढून तपासायला हवा. कॅन्सर असेलच असं नाही. पण वाट बघू नये.

आता माझा प्रश्न. तुमच्या जूनच्या पत्रात ‘गार पाट लागला तशी’च्या पुढे तुम्ही आधी ‘मी शहारले’ लिहिलंत आणि ते खोडून वर ‘ती शहारली’ केलंत. मी पत्र उजेडात धरून पाहिलं. सेहेचाळीस वर्षांची, काही तक्रार नसलेली बाई मला एकच माहीत आहे.

वहिनी, दादाला सांगितलंत का? आईनं लपवलं त्याचा राग तुम्ही पंधरा वर्षं धरलात आणि आता तुम्हीच?

तुम्हाला बोलायचा अधिकार मला नाही, हेही आजच लिहून टाकते. माझा फोटो झालेला नाही. फेब्रुवारीत नाव पुकारलं तेव्हा मी मुलीच्या शाळेतून फोन आलाय असं सांगून निघून आले. पुन्हा गेले ती तुमचे प्रश्न घेऊन. स्टूल, पाट, फळी, सगळं मी उभ्यानं पाहिलं; त्यावर बसले नाही. आईचा तो शेवटचा महिना माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. न बघितलं तर नसेल, असं वाटत राहतं.

तुम्ही दादाला सांगा. महिनाअखेरपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर मी त्याला तार करीन.

वृंदा


बालीगंज
१३ सप्टेंबर १९७४

प्रिय वृंदा,

तार करू नकोस. काल सांगितलं.

आईंसारखं मी भीतीनं लपवलं नाही, असं आधी लिहिणार होते. पण ते खरं नाही. सुरुवातीला खरोखरच नुसतं कुतूहल होतं. दुसरी कुणी बसेना म्हणून मी बसले. ठिपके दिसले, आणि त्या दिवसापासून ‘ती बाई’ म्हणणं सोपं वाटायला लागलं. तिच्याबद्दल विचार करता येत होता, प्रश्न विचारता येत होते. ‘मी’ म्हटलं असतं तर हातच थांबले असते.

ह्यांना म्हटलं, “तो जोड माझा आहे.” आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उठून खिडकीपाशी गेले. खाली रस्त्यावर ट्राम अडकली होती, तिची घंटा वाजत होती, तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “आणि तू माझ्याकडून तो वाचून घेतलास.”

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

आज सकाळी दोघं डॉ. सान्यालांकडे गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तुझं पत्र, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पत्र स्वतः वाचून घेतलं. मग म्हणाले, “काढीन. पण जागा कशी सापडणार? मला तर काही लागत नाही.” त्यावर विचार करते आहे. तो माझ्याच कामाचा भाग आहे.

तुझ्यावर रागावलेले नाही. बसशील तेव्हा बस.

शकुनवहिनी


बालीगंज
१८ ऑक्टोबर १९७४

चि. वृंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं सांगितलं आहे की झालं तसं सगळं लिहा, काही गाळू नका. म्हणून लिहितो.

ऑपरेशन परवा झालं. त्याआधी नमितानं त्या जागेजवळ एक बारीक सुई टोचून दोन फोटो काढले, एक वरून, एक बाजूनं. शकुननं ते ओले फोटो स्वतः हातात घेतले, पट्टीनं मोजलं आणि कागदावर चित्र काढून सान्यालांना दिलं: सुईच्या टोकापासून इतकं आत, इतकं बाहेर. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात असा स्वच्छ नकाशा कमी वेळा पाहिला आहे. मग ती चालत ऑपरेशनच्या खोलीत गेली.

तिला भूल दिल्यावर सान्यालांनी लिंबाएवढा तुकडा काढून बशीतून एक्स-रे खोलीत पाठवला. ठिपके त्या तुकड्यात आले की नाही, हे फोटो काढूनच कळणार होतं. हीही तुझ्या वहिनीचीच सूचना. नमितानं फोटो काढला. मला अंधाऱ्या खोलीत कुणी येऊ नको म्हणालं नाही, म्हणून मी आत होतो. नमितानं फिल्म औषधातून काढून लाल दिव्यापाशी धरली. तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “दादा, आपनी देखून.” म्हणजे तुम्हीच बघा.

मी पाहिलं. ठिपके नव्हते. एकही नाही.

वृंदा, माझ्या नोकरीत मी कितीतरी फिल्म पाहिल्या. ‘काही नाही’ असं दिसलं की मी सही करून मोकळा होतो. त्या दिवशी ‘काही नाही’ म्हणजे ते अजून तिच्या अंगात होतं. मी ओली फिल्म घेऊन धावत दारापर्यंत गेलो आणि ओरडलो, “आलं नाही! अजून आतच आहे!” सान्यालांनी दारातून फिल्म पाहिली, शकुनचा कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “बोटभर बाहेरच्या बाजूला जायला हवं होतं. तिनं बरोबर लिहिलं होतं, मी चुकलो.” दुसरा तुकडा आला. त्यात आठही ठिपके होते. मी दोनदा मोजले.

तपासणीचा निकाल दहा दिवसांनी येईल. ती बरी आहे. जेवण मागते आहे आणि पहिल्या तुकड्याचा फोटो दाखवा म्हणते आहे.

तुझा,
दादा


बालीगंज
१९ जानेवारी १९७५

प्रिय वृंदा,

तीन महिने पत्र नाही म्हणून घाबरली असशील. हात वर उचलायला आता जमतंय, म्हणून लिहिते.

निकाल कॅन्सरचाच आला. पण दुधाच्या नळ्यांच्या आतच होता, बाहेर पडलेला नाही, असं तपासणारे डॉक्टर म्हणाले. सान्याल म्हणाले, आजच्या शिरस्त्याप्रमाणे पूर्ण छाती काढायला हवी. “एवढ्याशा ठिपक्यांसाठी?” असं मी विचारलं. ते म्हणाले, “एवढेसे असतात तेव्हा काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. एवढेसे असताना आजवर कुणी आलंच नाही.” खरं बोलले म्हणून मला बरं वाटलं. नोव्हेंबरात ते ऑपरेशन झालं.

डावी बाजू सपाट आहे. पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा रडले, खूप रडले. हे बाहेर उभे होते, आत यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मीच हाक मारली. आता पोलक्याच्या आत कापडाची पिशवी शिवून घेते, आत बाजरीचे दाणे घालते. कापूस हलका पडतो, पदर एका बाजूला ओढला जातो. तुझ्या तिथे बायका काय करतात, विचारून ठेव.

मार्चपासून पुन्हा कामावर जाईन.

शकुनवहिनी


क्लीव्हलंड
७ नोव्हेंबर १९७६

ती. सौ. वहिनी,

गेल्या वर्षी मार्चात मी त्या स्टुलावर बसले, हे तुम्हाला कळवलंच होतं. फोटो स्वच्छ आला. यंदाही स्वच्छ होता. डोरोथीनं दोन्ही वेळा माझा हात धरला होता.

पण आता इथल्या वर्तमानपत्रांत वेगळंच चाललंय. काही शास्त्रज्ञ म्हणतात, पन्नाशीच्या आतल्या धडधाकट बायकांना दर वर्षी एक्स-रे देण्यानं फायदा होतो असं अजून दिसलेलं नाही, आणि किरणांनीच पुढे कॅन्सर झाला तर? आमच्या तपासणी केंद्राकडून पत्र आलंय की पन्नाशीच्या आतल्यांनी विचार करून ठरवावं. मी चाळीसची. आईची मुलगी. काय ठरवू?

आणखी एक वाचलं. अगदी लहान सापडलेल्यांतले काही पुढे कधी वाढतातच असं नाही, असंही काहींना वाटतं. ते वाचल्यापासून तुमची आठवण येऊन झोप लागत नाही. विचारू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. तुमचे ते आठ ठिपके तिथेच राहिले असते तर? उगीच गेलं असेल का सगळं?

माझ्यावर रागावू नका.

वृंदा


बालीगंज
१२ डिसेंबर १९७६

प्रिय वृंदा,

रागावू कशाला? हा प्रश्न मला तुझ्या आधी पडला होता. कुणीतरी मोठ्यानं विचारला म्हणून हलकं वाटलं.

उत्तर मला माहीत नाही. ठिपके आईंच्या वाटेनं गेले असते किंवा मी ऐंशीची होईपर्यंत तिथेच निजून राहिले असते. तो तुकडा आता अंगात नाही, तेव्हा पुढे काय झालं असतं ते बघायची सोय नाही. काही दिवस ‘वाचले’ असं वाटतं, काही दिवस ‘उगीच कापून घेतलं’ असं वाटतं. दोन्ही खोटं नाही. आधी ह्याचा त्रास व्हायचा. आता दोन्ही येतात आणि जातात.

किरणांबद्दल म्हणशील तर माझीही झोप उडाली होती. ती अॅल्युमिनियमची चकती मी काढून ठेवली होती ना? त्यानं कातडीला किरण जास्त लागतात. तुझ्या डॉक्टरीणबाईंना मी इंग्रजीत थेट पत्र घातलं, अकरा प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि त्यांतल्या चारांपुढे ‘आम्हाला अजून माहीत नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. त्यांच्या सल्ल्यानं दाब आणि वेळ बदलला आहे. पन्नाशीच्या आतल्या, काही तक्रार नसलेल्या बाईचा फोटो आता मी काढत नाही. हातानं कसं तपासायचं ते शिकवते. तू मात्र वेगळी. तुझी आई ह्यानं गेली. तू तिथल्या डॉक्टरांशी बसून बोल आणि कुणाच्याही, माझ्यासुद्धा, भीतीनं ठरवू नकोस.

आजवर आमच्याकडे एकतीस बायका झाल्या. तिघींत काहीतरी होतं, त्यांतल्या दोघींचं साधं निघालं. त्या दोघींना उगीच टाके पडले, हेही खरं.

परवा महाराष्ट्र मंडळातल्या प्रेमलताबाई आल्या होत्या. वय साठ, पन्नास वर्षं कलकत्त्यात, तोंड तिखट. पाट, फळी, मशीन सगळं निरखून पाहिलं. माझ्या पदराकडेही पाहिलं. मग मी नेहमी सांगते ते सगळं त्यांना सांगितलं: काय दिसू शकतं, काय सुटू शकतं, काय उगीच दिसू शकतं, आणि काय आम्हाला ठाऊकच नाही. त्या ऐकून म्हणाल्या, “एवढं सगळं ‘माहीत नाही’ सांगून कुणी गिऱ्हाईक बसवतं का गं?”

मी म्हटलं, “नाही बसलात तरी चालेल.”

“आणि तू? तुझं हे सगळं झाल्यावर, पुन्हा ती वेळ आली तर बसशील ह्या स्टुलावर?”

मला कुणी हे विचारलं नव्हतं. नमितानंही हातातलं काम थांबवलं.

“बसेन,” मी म्हटलं. “पण ह्या वेळी घरी सांगून.”

प्रेमलताबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, फोन कुठे आहे म्हणून विचारलं, आणि ऑफिसात जाऊन आपल्या मुलाला सांगून आल्या. परत येऊन स्टुलावर बसल्या आणि पोलक्याची बटणं काढत म्हणाल्या, “हं, गार आहे का गं तो पाट?”

तुझी,
शकुनवहिनी